ऑटिस्टिक आणि न्यूरोडायव्हर्जंट मुलं कॉलेजात : मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे, पालकांचे आणि शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका पदवी महाविद्यालयात शिकवते आणि तिथल्या दिव्यांग विद्यार्थी कक्षाचं कामही बघते. पुढचे प्रश्न मुलांनी, त्यांच्या आईबाबांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. प्रवेश मिळवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. मुलं गळतात ती त्यानंतर, पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये. बहुतेकींना आणि बहुतेकांना विषय झेपत असतो. कॉलेजात कोणती गोष्ट कधी, कुठे आणि कशी होते हे कुणी स्पष्ट सांगत नाही, आणि तिथेच सगळं बिनसतं. म्हणून बऱ्याच उत्तरांचा रोख त्यावर आहे.

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे नेमकं कोण?

ज्यांचा मेंदू माहिती घेणं, लक्ष देणं, वाचणं, बोलणं, आवाज-उजेड सोसणं या गोष्टी बहुसंख्य लोकांपेक्षा वेगळ्या पद्धतीने करतो, असे सगळे. ऑटिझम (माणसांशी संवाद आणि आवाज-स्पर्शासारख्या संवेदना वेगळ्या पद्धतीने अनुभवणं), एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं), डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिसग्राफिया (लिहिण्याची), डिसकॅल्क्युलिया (आकड्यांची), डिसप्रॅक्सिया (हालचाली जुळवण्याची), टुरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली किंवा आवाज) हे सगळं त्यात येतं, आणि एकाच मुलात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. दोन ऑटिस्टिक विद्यार्थ्यांच्या गरजा एकमेकांच्या उलटही असू शकतात. एकीला वर्गातला पंख्याचा आवाज सहन होत नाही, तर दुसऱ्याला तोच आवाज हवा असतो. म्हणून निदानाच्या नावावरून सोय ठरवू नये. समोरच्याला विचारावं.

बारावीपर्यंत सगळं नीट चाललं होतं. कॉलेजच्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये गाडं का अडलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

शाळेत एक वर्ग असतो, एक बाक असतो, घंटा असते. डायरीत गृहपाठ लिहून दिलेला असतो. घरी आई दप्तर तपासते, क्लासचे सर पाठ करून घेतात. या सगळ्या चौकटीवर मूल उभं असतं आणि ती चौकट इतकी अंगवळणी पडलेली असते, की मूल स्वतःच्या बळावर चाललंय असंच सगळ्यांना वाटतं. कॉलेज सुरू झालं की ती एका आठवड्यात निघून जाते. लेक्चर कुठल्या खोलीत आहे हे नोटीस बोर्डावर असतं, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर, नाहीतर कुणाच्याच लक्षात नसतं. सर आले नाहीत तर तास रद्द झाला की बदली तास होणार, हे कुणाकडून तरी कळतं. जर्नल कधी सबमिट करायचं, प्रोजेक्टची फाईल स्पायरल लागते की साधी, एक्झाम फॉर्मची शेवटची तारीख कोणती, ही माहिती कॅन्टीनच्या गप्पांमधून फिरते. जी मुलगी कॅन्टीनमध्ये बसू शकत नाही, तिच्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

त्यात मुंबईचा प्रवास. सकाळी साडेसातचं लेक्चर गाठायला विरार किंवा बदलापूरहून पहाटे निघालेला मुलगा गर्दी, धक्के, हॉर्न, परफ्यूम आणि घामाचा वास, शेजारच्याच्या मोबाइलवर मोठ्याने चाललेले व्हिडिओ हे सगळं सोसून वर्गात येतो. ज्याच्या कानांना आणि त्वचेला हे दुप्पट-तिप्पट लागतं, त्याची दिवसभराची शक्ती पहिल्या लेक्चरच्या आधीच संपलेली असते. वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, खरखरणारा माईक, बाहेर मेट्रोचं नाहीतर पुनर्विकासाचं बांधकाम. दिवाळीपर्यंत मूल रेटून नेतं, मग घरातून निघणं बंद होतं. शिक्षकांच्या नोंदीत तो 'अनियमित' ठरतो, घरी 'कॉलेजची हवा लागली' असं ऐकून घेतो. खरं तर तो पार थकलेला असतो.

कायदा आम्हाला काय देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया यांसारख्या अडचणी) यांचा समावेश नव्हता. नव्या कायद्याच्या २१ प्रकारांमध्ये दोन्ही आहेत.

या कायद्यातल्या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. पहिली आरक्षण. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. यासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे वाजवी सोयी : जादा वेळ, लेखनिक (विद्यार्थ्याने सांगितलेलं उत्तर लिहून देणारी व्यक्ती), वेगळी खोली, शिकवण्याच्या किंवा तपासण्याच्या पद्धतीत थोडा बदल. शासनाने मान्यता दिलेल्या संस्थांनी या सोयी देणं कायद्याला अपेक्षित आहे, त्यामुळे 'आम्ही विनाअनुदानित आहोत' एवढं म्हणून कॉलेजला मोकळं होता येत नाही. शिवाय सोयी मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट नाही. ऑफिसच्या खिडकीवर 'चाळीस टक्के नाहीत, म्हणजे काहीच मिळणार नाही' असं सांगितलं गेलं, तर ते चूक आहे.

एडीएचडी त्या २१ प्रकारांत नाही. मग आमच्या मुलाने काय करायचं?

यादीत नाही हे खरं आहे, आणि ती मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण वाट बंद झालेली नाही. कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती'ची व्याख्या यादीपेक्षा रुंद आहे : दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी निगडित अडचण, आणि तिच्यामुळे समाजात बरोबरीने वावरताना येणारे अडथळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवलं. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. वाजवी सोय मिळवण्यासाठी ४० टक्क्यांचा उंबरठा लावता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

व्यवहारात मी असं सुचवते : मानसोपचारतज्ज्ञाकडून पत्र घेताना त्यात फक्त 'एडीएचडी आहे' एवढं नको. लक्ष किती वेळ टिकतं, लिहिण्याचा वेग कसा आहे, गोंगाटाचा काय परिणाम होतो आणि म्हणून कोणती सोय हवी, हे लिहून घ्या. शिवाय एडीएचडीसोबत बरेचदा अध्ययन अक्षमता असते आणि ती यादीत आहे. तिची तपासणी कधी झाली नसेल तर करून घ्या.

प्रमाणपत्र कुठे आणि कसं काढायचं?

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, रुग्णालय निवडायचं, तपासणीला जायचं. मंजूर झालं की प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. ते देशभर चालतं. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी मुंबईतली बहुतेक कुटुंबं महापालिकेच्या सायन, नायर किंवा केईएम रुग्णालयात जातात. 'नीट' या प्रवेश परीक्षेतून वैद्यकीय शाखेला जायचं असेल तर त्यासाठी ठरवून दिलेल्या केंद्रांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था त्यांपैकी एक आहे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी अशी तीनदा तपासणी अपेक्षित आहे आणि अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असतं. दहावीला सवलत मिळाली होती म्हणून पालक तोच कागद घेऊन पदवीच्या परीक्षेला येतात आणि ऐनवेळी अडतात. बारावीची परीक्षा संपली की लगेच तपासणीच्या मागे लागा, कारण सप्टेंबरमध्ये रांग धरली तर पहिलं सेमिस्टर हातचं गेलंच म्हणून समजा. जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं, जुन्या वह्या, आधीचे अहवाल सोबत न्या. लहानपणापासूनच्या खुणा त्यात दिसतात.

ऑटिझमसाठी 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि एकूण गुण ७० किंवा त्याहून जास्त असले तर ऑटिझम धरतात. नीट बोलणाऱ्या, डोळ्याला डोळा भिडवायला शिकलेल्या, बारावी झालेल्या मुलीचं रोजचं ओझं पंधरा मिनिटांच्या भेटीत दिसेलच असं नाही. म्हणून घरच्यांनी आधीच लिहून न्यावं : घरी आल्यावर ती किती वेळ कुणाशी बोलत नाही, काय खाऊ शकते, बेत अचानक बदलला तर काय होतं. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी सोसत नसेल तर नोंदणीच्या खिडकीवर तसं सांगून बाहेर थांबायची परवानगी मागा.

मुलीचं निदान एकोणिसाव्या वर्षी झालं. इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही?

कारण ती लपवायला शिकली होती. आजूबाजूच्या मुली कशा हसतात, कधी मान डोलावतात, काय बोलल्यावर वाद होत नाही, हे पाहून पाहून ती नक्कल करते. 'शांत, गुणी मुलगी' असं कौतुक होतं आणि त्या कौतुकाआड सगळं दडून राहतं. कॉलेजात नक्कल करायची माणसंच रोज बदलतात, मग ते जमेनासं होतं. उशिरा कळलं म्हणून आईबाबांनी स्वतःला दोष देत बसू नये. कळल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो मी पाहिलेला आहे.

कॉलेजला सांगावं का? लोक नावं ठेवतील ना?

भीती खोटी नाही. तरीही माझा सल्ला 'सांगा' असाच आहे, पण कुणाला आणि किती हे तुम्ही ठरवा. दिव्यांग विद्यार्थी कक्षाच्या समन्वयकांना आणि परीक्षा विभागाला लेखी कळवलं की सोयींचा हक्क कागदावर येतो. वर्गात जाहीर करायची काहीही गरज नाही, आणि विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय शिक्षकांनीही करू नये. 'समजून घ्या रे, तो जरा वेगळा आहे' असं चांगल्या हेतूने वर्गासमोर बोलणारे शिक्षक मी पाहिलेत. त्या मुलाने नंतर त्या तासाला येणंच सोडलं.

पत्रात आजाराचं वर्णन कमी आणि गरज जास्त असावी. एक नमुना देते, तो हवा तसा बदला :

'मला ऑटिझम आहे. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. वर्गात अचानक उभं करून प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही मला बोलता येत नाही. प्रश्न लेखी मिळाला किंवा दोन मिनिटं मिळाली तर मी उत्तर देऊ शकते. लेक्चरची वेळ किंवा खोली बदलणार असेल तर आदल्या संध्याकाळी मेसेज मिळावा. इंटर्नलसह सर्व परीक्षांत तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि कमी गर्दीची खोली मिळावी. ग्रुप प्रोजेक्टमध्ये माझं काम कोणतं हे लिहून मिळावं.'

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का आणि तारीख. तोंडी दिलेला शब्द सेमिस्टर बदललं की कुणाच्या लक्षात राहत नाही.

परीक्षेत काय काय मिळू शकतं?

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५० आणि तीन तासांच्या पेपरला एक तास. स्वतःचा लेखनिक आणत असाल तर त्याच्या शिक्षणाची अट काय आहे, हे परीक्षा विभागाला आधी विचारून घ्या. गरजेप्रमाणे संगणकावर लिहिणं, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, वेगळं बसवणं हेही मागता येतं.

आता अनुभवाच्या चार गोष्टी. मागणी एक्झाम फॉर्म भरतानाच करा, हॉल तिकीट आल्यावर नको. लेखनिक हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. पेपरच्या आदल्या रात्री ग्रुपवर 'लेखनिक हवा आहे' असे मेसेज फिरताना मी पाहते आणि अस्वस्थ होते. कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) युनिटने जूनमध्येच इच्छुक मुलांची यादी करून ठेवली, तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

तिसरी गोष्ट वेगळ्या खोलीची. बऱ्याच कॉलेजांत सवलत असलेल्या सगळ्या मुलांना एकाच खोलीत बसवतात. तिथे पाच-सहा मुलं आपापल्या लेखनिकाला उत्तरं सांगत असतात. ज्या ऑटिस्टिक मुलीला शांतता हवी म्हणून वेगळी खोली दिली, तिच्यासाठी ती खोली मुख्य हॉलपेक्षा वाईट ठरते. लेखनिकवाल्यांची खोली आणि शांत खोली या दोन वेगळ्या सोयी आहेत, हे परीक्षा विभागाला लेखी सांगा.

आणि चौथी, इंटर्नल, प्रॅक्टिकल आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. विद्यापीठाच्या पेपरला वेळ मिळतो आणि वर्गातल्या वीस मार्कांच्या चाचणीला कुणी विचारत नाही. व्हायवाला समोर दोन परीक्षक बसून झटपट प्रश्न विचारतात तेव्हा अनेक मुलं गप्प होतात. प्रश्न कागदावर लिहून पुढे ठेवला तर तीच मुलं भडाभडा उत्तरं देतात.

केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना नियम माहीत नसणं हेही नेहमीचंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं : डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला नीटच्या केंद्रावर हक्काचा जादा तास मिळाला नव्हता. न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला जबाबदार धरलं आणि कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण देण्यास सांगितलं. त्या आदेशाची प्रत पेपरला सोबत ठेवा.

एकाला जादा वेळ दिला, तर बाकीच्या मुलांवर अन्याय होत नाही का?

नाही. परीक्षा इतिहासाची असेल तर इतिहास येतो का हे बघायचं. हात किती भरभर चालतो किंवा आवाजात डोकं किती शांत राहतं, हे मोजण्यासाठी ती नसते. ज्या मुलाला प्रश्न वाचायलाच दुप्पट वेळ लागतो, त्याला इतरांइतकाच वेळ देऊन आपण भलतंच काहीतरी मोजत असतो.

शिक्षक म्हणून मी काय करू? आमच्याकडे ना पैसा, ना प्रशिक्षण.

पैसा जवळजवळ लागत नाही. सुरुवात सूचनांपासून करा. 'पुढच्या आठवड्यात असाइनमेंट द्या' याऐवजी 'सोमवारी दुपारी बारापर्यंत, खोली ३०४ मध्ये, हाताने लिहिलेली, चार ते पाच पानं, दोन प्रश्नांपैकी एक' असं फळ्यावर लिहा आणि ग्रुपवरही टाका. 'थोडक्यात लिहा' म्हणजे किती ओळी, हे सांगा. उत्तम उत्तराचा एक नमुना दाखवा. 'सिनियरना विचारा' हे वाक्य पूर्ण सोडून द्या. या सवयीचा फायदा पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या, मराठी माध्यमातून इंग्रजी वर्गात बसलेल्या मुलांनाही होतो. माझ्या वर्गात तर तो सगळ्यांनाच झाला.

डोळ्याला डोळा भिडवण्याचा आग्रह धरू नका. खाली बघणारा, हातात रबरबँड फिरवणारा मुलगा बरेचदा जास्त लक्ष देऊन ऐकत असतो. मधेच उठून बाहेर जायची परवानगी आधीच देऊन ठेवा, दर वेळी कारण विचारू नका. स्लाइड्स आदल्या दिवशी मिळाल्या तर ऐकणं आणि लिहिणं एकाच वेळी न जमणाऱ्यांची सोय होते. लेक्चर रेकॉर्ड करायला का नको, हेही एकदा मनाशी तपासून पाहा. उणीव दाखवायची असेल तर सरळ शब्दांत दाखवा. टोमणा बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तर महिनोन् महिने टोचत राहतो.

ग्रुप प्रोजेक्टबद्दल थोडं जास्त. 'तुमचे तुम्ही ग्रुप करा' म्हटलं की कोण उरणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. ग्रुप तुम्ही करा, प्रत्येकाचं काम लिहून द्या, आणि ज्याला सादरीकरणाऐवजी लेखी भाग करायचा आहे त्याला तो मार्कांसकट करू द्या. समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला मुद्दा मला इथे फार मोलाचा वाटतो : ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, दोघांनाही एकमेकांचं मन वाचता येत नाही. मग जुळवून घेण्याचं सगळं ओझं एकट्या त्या मुलावर का?

हजेरी ७५ टक्के भरत नाही. डिफॉल्टर यादीत नाव लागलं.

यादी लागायच्या आधी बोला. जुलैमध्येच अर्ज द्या, डॉक्टरांचं पत्र जोडा, पहाटेच्या लेक्चरऐवजी दुसऱ्या तुकडीच्या तासाला बसण्याची परवानगी मागा. तुकड्या असतील तर हे सहज होण्यासारखं आहे. प्रवासाची गर्दी टळली की हजेरी आपोआप सुधारलेली मी अनेकदा पाहिली आहे. मार्चमध्ये आईबाबांना घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहणं मुलासाठी अपमानाचं होतं, आणि तोवर कॉलेजच्या हातातही फारसं काही उरलेलं नसतं.

मुंबईतल्या कॉलेजात शांत खोली कुठून आणायची? इथे जागाच नाही.

वेगळी खोली बांधायची नाहीये. दुपारी बारा ते दोन कुठली तरी प्रयोगशाळा, विभागाची खोली, ग्रंथालयाचा मागचा कोपरा रिकामा असतोच. त्याची वेळ ठरवून दारावर कागद लावा : इथे बोलायचं नाही, मोबाइल सायलेंट, दिवे अर्धे बंद. कुणाकडे चावी आहे हे लिहा. बस्स. फेस्टिव्हलच्या दिवसांत, गणेशोत्सवाआधी ढोलपथकाचा सराव चालू असताना, निवडणुकीसाठी इमारत ताब्यात गेल्यावर कुठे काय असेल याचं वेळापत्रक आधी द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. व्यवस्थापनाकडे मागणी करताना त्यांचा उल्लेख जरूर करा.

आम्ही पालक. मूल अठरा वर्षांचं झालं, आता आम्ही किती लक्ष घालावं?

जितकं मूल घालू देईल तितकं. पहिल्या वर्षी अर्ज, फॉर्म, तारखा सांभाळायला मदत करा, पण शिक्षकांशी बोलताना मुलाला शेजारी बसवा आणि आधी त्याला बोलू द्या. त्याला बोलायला वेळ लागला तर मधे तोंड घालू नका. हे आईला फार जड जातं, मला माहीत आहे. कॉलेजबाहेर उभं राहून वाट पाहणाऱ्या आया मी रोज बघते आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली ऑटिझम असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालकत्व घेता येतं. पण पदवीचं शिक्षण घेऊ शकणाऱ्या, स्वतःचे निर्णय सांगू शकणाऱ्या मुलासाठी ते घ्यायची घाई करू नका. त्यात त्याच्या हातून बरंच काही निघून जातं.

कॉलेजात मेल्टडाउन झाला तर?

मेल्टडाउन म्हणजे ताण सोसेनासा होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं. अशा वेळी आवाज आणि माणसं कमी करा. हात लावू नका, प्रश्नांची सरबत्ती नको, पाण्याचा पेला कुणी तोंडाशी धरू नये. एक माणूस थोड्या अंतरावर थांबावा. व्हिडिओ काढणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. शिस्तभंगाची नोटीस तर मुळीच काढू नका. काही मुलं उलट पूर्ण गप्प होतात, हलत नाहीत. तोही तसाच ताण असतो. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर थांबू नका, सोबत राहा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

एक वर्ष थांबलं तर सगळं वाया जातं का?

आता नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मिळवलेले क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षं ग्राह्य धरले जातात. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा असे टप्पे आहेत. ज्यांना रोजचा प्रवास झेपतच नाही त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू हे रस्ते आहेत. मात्र कॉलेजने सोयी द्यायला नकोत म्हणून कुणी 'बाहेरून करा ना' असा आग्रह धरत असेल, तर तो मानू नका. निवड मुलाची असावी.

मुंबईत मदत कुठे मिळेल?

'फोरम फॉर ऑटिझम' हा पालकांनी उभा केलेला आधारगट आहे. 'महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन' आणि 'उम्मीद' यांचं काम अनेक वर्षांचं आहे, पण त्यांचा भर मुख्यतः लहान वयावर आहे. एसएनडीटी विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून संसाधन केंद्र चालतं. एका कॉलेजने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे बघायला प्राचार्यांनी तिथे जरूर जावं. वाचनाची अडचण असलेल्यांना 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयातून ऐकता येतील अशी पुस्तकं मिळतात. अठरा वर्षांनंतरच्या वयासाठी शहरात सेवा फारच अपुऱ्या आहेत, म्हणून कॉलेजांची जबाबदारी वाढते.

कॉलेज ऐकतच नसेल तर?

आधी प्राचार्यांना लेखी अर्ज, मग आठवण देणारं दुसरं पत्र, मग विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला किंवा विद्यार्थी विकास विभागाला. तिथेही दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, तक्रार लेखी पाठवता येते. कायद्याने त्यांना अशा तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार दिलेला आहे. पोच असलेले अर्ज, ईमेल, तारखा हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा. अनेकदा आयुक्तांना पाठवायच्या पत्राचा मसुदा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला की खोली मिळते.

पदवीनंतर नोकरीचं काय?

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून वाटला जातो. खाजगी कंपन्यांच्या कॅम्पस मुलाखतींसाठी प्लेसमेंट सेलने कंपनीला आधीच कळवावं : प्रश्नांचे विषय लेखी द्या, ग्रुप डिस्कशनऐवजी कामाचा नमुना मागा, मुलाखत शांत खोलीत घ्या. आपल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांपैकी कुणाला हे हवं आहे, ते प्लेसमेंट सेलने जुलैमध्येच विचारून ठेवावं, कारण कंपन्या ऑगस्टपासून यायला लागतात.